एका लघुलेखकाचे शहर

मुंबई-पुण्यात भाड्याने घर शोधणाऱ्या माणसाला एक गणित लवकरच पाठ होते. स्टेशन पायी दहा मिनिटांवर असेल, रस्त्याच्या दुतर्फा झाडे असतील, मुलांना शाळेत एकटे चालत जाता येत असेल आणि संध्याकाळी म्हाताऱ्या माणसांना टेकायला जवळपास बाग असेल, तर त्या घराचे भाडे आपल्याला झेपणारे नसते. झेपणारे असेल तर यांतले काहीतरी नसते. बहुधा काहीच नसते. झाडाच्या सावलीचे वेगळे बिल कुणी पाठवत नाही, पण दर महिन्याच्या भाड्यात तिचे पैसे आपण मोजलेले असतात. हा जणू निसर्गनियमच आहे, असे समजून आपण निमूटपणे पुढच्या एजंटाचा नंबर फिरवतो.

एका माणसाला मात्र हा निसर्गनियम वाटला नाही. सव्वाशे वर्षांपूर्वी, लंडनमधल्या भाड्याच्या घरात राहून, दिवसभराची नोकरी सांभाळून त्याने या गणिताचे उत्तर शोधले आणि पुढे ते विटा-मातीत उभेही करून दाखवले. त्याचे नाव एबेनेझर हॉवर्ड. उद्याननगरीचा जनक म्हणून नगररचनेच्या पाठ्यपुस्तकांत त्याच्यावर एखादे पान असते आणि त्या पानावर बागांबद्दल पुष्कळ लिहिलेले असते. भाड्याबद्दल फारसे नसते. वास्तविक हॉवर्डच्या सगळ्या विचाराचे मूळ भाड्यात आहे.

हॉवर्डचा जन्म २९ जानेवारी १८५० चा, लंडनच्या अगदी गजबजलेल्या भागातला. वडिलांचे मिठाई-बिस्किटांचे दुकान होते. मुलाला लहानपणीच गावाकडच्या वसतिगृहाच्या शाळांत धाडण्यात आले, त्यामुळे शहराचा धूर आणि खेड्यातली मोकळी हवा या दोन्हींची चव त्याला कळत्या वयाआधीच लागली. पंधराव्या वर्षी शाळा सुटली आणि तो एका शेअर दलालाच्या कचेरीत कारकून म्हणून चिकटला. तिथे त्याने पिटमनची लघुलिपी शिकून घेतली. या एका कौशल्यावर त्याने आयुष्यभर पोट भरले.

एकविसाव्या वर्षी, १८७१ मध्ये, तो दोन मित्रांबरोबर अमेरिकेत गेला. नेब्रास्कात सरकारकडून १६० एकर जमीन मिळत होती. लेखणी धरणाऱ्या हाताला नांगर काही जमला नाही. पहिल्याच हिवाळ्यात शेतीची हौस फिटली आणि हॉवर्ड शिकागोला येऊन न्यायालयांत लघुलेखनाचे काम करू लागला. १८७१ च्या ऑक्टोबरातल्या भीषण आगीत शिकागोचा मोठा भाग जळून गेला होता आणि ते शहर झपाट्याने पुन्हा उभे राहत होते. शहर म्हणजे कुणीतरी कधीतरी बांधून ठेवलेली, न बदलणारी वस्तू नव्हे. ते नव्याने आखता येते, हे त्याने तिथे रोज डोळ्यांनी पाहिले. त्या आगीपूर्वी शिकागोचे टोपणनावच उद्याननगरी असे होते, हा योगायोगही नोंदवून ठेवावा असा.

१८७६ मध्ये तो मायदेशी परतला आणि पार्लमेंटच्या कामकाजाची अधिकृत टिपणे घेणाऱ्या गर्नी कंपनीत लागला. लघुलेखकाचे काम मोठे विचित्र असते. सगळ्यांचे सगळे ऐकायचे, शब्द न् शब्द उतरवायचा आणि स्वतः एक अक्षर बोलायचे नाही. गरिबांच्या कोंदट खोल्या, ओस पडत चाललेली खेडी, मजुरांचे लंडनकडे लागलेले लोंढे, यावर सर्व पक्षांच्या पुढाऱ्यांना त्याने वर्षानुवर्षे ऐकले. एका गोष्टीवर सगळ्यांचे एकमत होते, की हे फार वाईट चालले आहे. उपायावर मात्र कुणाचेच एकमत नव्हते. ऐकता ऐकता त्याच्या मनात स्वतःचे एक टिपण तयार होत गेले.

१८७९ मध्ये त्याचे एलिझाबेथ बिल्सशी लग्न झाले. चार मुले झाली. उत्पन्न बेताचेच होते आणि त्यातले बरेचसे टंकलेखन यंत्रांवरच्या प्रयोगांत जाई. अक्षरांच्या रुंदीप्रमाणे जागा सोडणारे यंत्र, लघुलिपीचे यंत्र, असे काही ना काही त्याचे सतत चाललेले असे. त्यातून पैसा कधी आला नाही. पण यंत्र जुळवणाऱ्या माणसाची एक दृष्टी असते. एखादी गोष्ट चालत नसेल तर तो यंत्रावर चिडत नाही. कुठला भाग कुठे अडतो आहे ते शोधतो. शहराकडेही हॉवर्डने तसेच पाहिले.

हेन्री जॉर्ज या अमेरिकन विचारवंताने जमिनीच्या वाढत्या किमतीवर बोट ठेवलेलेच होते. १८८८ मध्ये एडवर्ड बेलामीची भविष्यातल्या समाजावरची कादंबरी आली. हॉवर्डने ती एका बैठकीत वाचून काढली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तो लंडनच्या दाटीवाटीच्या वस्त्यांतून हिंडला. त्यानंतरची दहा वर्षे विचारात, चर्चेत आणि आकडेमोडीत गेली. १८९८ मध्ये, एका अमेरिकन स्नेह्याने दिलेल्या ५० पौंडांच्या आधारावर, त्याचे छोटेसे पुस्तक निघाले. १९०२ मध्ये ते थोडे बदलून नव्या नावाने आले, आणि त्याच नावाने, गार्डन सिटीज ऑफ टुमॉरो म्हणून, जगाला माहीत झाले.

त्यातली आकडेमोड आपल्यासारख्या भाडेकरूने जरूर समजून घ्यावी. शहरापासून दूर, शेतीच्या भावाने ६,००० एकर जमीन घ्यायची. एकरी ४० पौंड धरले तर २,४०,००० पौंड झाले. ही रक्कम चार टक्के व्याजाने उभारायची, म्हणजे वर्षाचे व्याज ९,६०० पौंड. त्यातल्या १,००० एकरांवर गाव वसवायचे, उरलेली ५,००० एकर शेती आणि रान म्हणून कायम राखायची. एकूण वस्ती ३२,०००. आता भागाकार करून पाहा. माणशी वर्षाला सहा शिलिंगांत जमिनीचे व्याज फिटते! माणसे राहायला आली की तीच जमीन कितीतरी महाग होणार, हे उघडच आहे. प्रश्न एवढाच, की ती वाढ कुणाची? हॉवर्डचे म्हणणे असे की ज्यांच्या येण्याने किंमत वाढली, त्यांचीच. जमीन विश्वस्तांच्या नावे राहील, प्रत्येक जण भुईभाडे देईल, त्यातून आधी व्याज आणि कर्ज फिटेल, आणि मग उरणाऱ्या पैशातून रस्ते, शाळा, बागा, इतकेच काय, म्हाताऱ्यांना पेन्शनही मिळेल. घरमालक असेल, पण तो घरमालक म्हणजे गावच.

आणि हे गाव पायी चालण्याच्या मापाचे होते. मधोमध बाग आणि सार्वजनिक इमारती, भोवती घरांची वर्तुळे, त्यांतून गेलेला ४२० फूट रुंदीचा हिरवा पट्टा, त्यातच शाळा. कडेला कारखाने आणि त्यांना लागून रेल्वे. मध्यापासून कडेपर्यंतचे अंतर १,२४० यार्ड, म्हणजे सव्वा किलोमीटरच्या आतच. कामावर, शाळेत, बाजारात, शेतावर, कुठेही जायला पंधरा-वीस मिनिटे पुरे. वस्ती ३२,००० झाली की याच गावाला फुगवायचे नाही. शेतीचा पट्टा ओलांडून पलीकडे दुसरे वसवायचे.

अशा पुस्तकांचे जे होते तेच याचे व्हायचे, पण हॉवर्ड गप्प बसणारा नव्हता. दिसायला साधा, कपड्यांकडे लक्ष नसलेला हा माणूस सभा घेत हिंडला. १८९९ मध्ये संस्था काढली आणि १९०३ मध्ये कंपनी. लंडनच्या उत्तरेला सुमारे ३५ मैलांवर लेचवर्थ इथे, वेगवेगळ्या १५ मालकांशी गुपचूप बोलणी करून, ३,८१८ एकर जमीन मिळवण्यात आली. ९ ऑक्टोबर १९०३ ला भर पावसात उद्घाटन झाले. रेमंड अन्विन आणि बॅरी पार्कर या दोघा वास्तुविशारदांनी आराखडा केला. भागधारकांना वर्षाला पाच टक्क्यांहून जास्त लाभांश नाही, असे ठरले. पहिली दहा वर्षे तेवढाही मिळाला नाही.

या सगळ्यात ज्या बाईने काटकसरीने संसार चालवून नवऱ्याला हा खटाटोप करू दिला, ती एलिझाबेथ १९०४ च्या नोव्हेंबरात गेली. नव्या गावात राहायला जायचे दिवस जवळ आले असतानाच.

गाव हळूहळू भरले. कारखाने आले, छापखाने आले. हातमागावर कापड विणणारे, शाकाहारी, नाना पंथांचे लोकही आले, आणि लंडनहून सुटीच्या दिवशी त्यांना बघायला माणसे येऊ लागली. गावाने दारूचे गुत्ते नकोत असे ठरवले आणि कित्येक दशके ते पाळले. हॉवर्ड स्वतः काही काळ एका अशा वसाहतीत राहिला, जिथे घरांना स्वयंपाकघरेच नव्हती. जेवण सामाईक, भोजनगृहही सामाईक. बायकांचे निम्मे आयुष्य चुलीपुढे का जावे, हा प्रश्न त्या काळात त्याला पडला होता, हे विशेष.

पण मूळ गणिताचे काय झाले? इथे हॉवर्डला माघार घ्यावी लागली. भुईभाडे ठरावीक वर्षांनी नव्याने ठरवायचे आणि वाढ गावाला मिळवून द्यायची, ही त्याची अट कारखानदारांना आणि घर बांधणाऱ्यांना मानवेना. संचालक मंडळात व्यवहारी माणसे होती. त्यांनी स्थिर भाड्याचे ९९ वर्षांचे साधे करार केले. शिवाय घरे चांगली बांधली म्हणून महाग पडली. १९०५ मध्ये १५० पौंडांत बांधता येतील अशा घरांचे प्रदर्शन भरवले, हजारो लोक पाहायला आले; तरीही अंगमेहनतीचे काम करणाऱ्या पुष्कळांना लेचवर्थचे भाडे परवडले नाही. ते शेजारच्या जुन्या गावांत राहून रोज कामाला येत.

जगाने मात्र या प्रयोगातून आपल्या सोयीचे तेवढे उचलले. वळणदार रस्ते, कुंपणाच्या वेली, चौकातली बाग घेतली आणि भुईभाड्याची वही तिथेच ठेवली. १९०७ मध्ये लंडनला हॅम्पस्टेड गार्डन सबर्ब सुरू झाले, तेही अन्विननेच आखलेले आणि सर्व थरांतल्या लोकांसाठी म्हणून काढलेले. आज ते लंडनच्या महागड्या वस्त्यांपैकी एक आहे.

आपल्याकडेही हेच चित्र आहे. हॉवर्डचे पुस्तक आले त्याच १८९८ साली, प्लेगच्या तडाख्यानंतर, मुंबईत इंप्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. त्याने दादर-माटुंग्याच्या शेतजमिनी घेऊन रुंद रस्ते, बागा, मोजक्या मजल्यांच्या इमारती आखल्या आणि भूखंड भाडेपट्ट्याने दिले. हिंदू कॉलनी, पारशी कॉलनी, पाच उद्याने हे सगळे त्यातलेच. शहरात असून उपनगराची हवा, आणि सगळे पायी. कारकून, मास्तर, वकील तिथे भाड्याने येऊन राहिले. मग १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने भाडी १९४० च्या पातळीवर गोठवली. आत असलेला सुखी झाला, घरमालकाने डागडुजी सोडली, आणि बाहेरच्याला पागडीशिवाय दार उघडेना.

मी गेली अठरा वर्षे माटुंग्यात आणि आसपास भाड्याने राहतो. लीव्ह अँड लायसन्सवर, म्हणजे अकरा-अकरा महिन्यांच्या मुदतीवर. एवढ्या काळात चार घरे झाली. भाजी पाच मिनिटांवर, स्टेशन आठ, वाचनालय दहा. शेजारी नवा टॉवर उभा राहिला की आमचे भाडे वाढते. आमच्या मालकांपैकी कुणी दुष्ट नव्हता. बाजारभावच तसा, म्हणून वाढ मागत. पण तो बाजारभाव कशाने चढतो? शंभर वर्षांपूर्वी कुणीतरी लावलेल्या पर्जन्यवृक्षांनी, चालता येणाऱ्या रस्त्यांनी, वाण्याशी आणि शेजाऱ्यांशी जुळलेल्या ओळखींनी. त्यातला थोडा वाटा आम्ही भाडेकरूही रोज तिथे राहून घालतच असतो. आणि तोच पुढे आम्हाला घर सोडायला लावतो. चौथ्या घरातून सामान बांधताना हॉवर्डचे ते कोष्टक मला पहिल्यांदा नीट समजले.

हॉवर्ड मात्र अर्ध्या यशावर थांबला नाही. पहिल्या महायुद्धानंतर सरकारने अशी गावे काढावीत म्हणून त्याचे तरुण सहकारी अर्ज-विनंत्या करत होते. हॉवर्डचा सरकारवर तेवढा भरवसा नव्हता. ३० मे १९१९ ला वेल्विनजवळच्या जमिनीचा लिलाव होता. ६९ वर्षांचा हा गृहस्थ खिशात पुरेसा इसारही नसताना तिथे गेला, १,४५८ एकर ५१,००० पौंडांना घेऊन बसला, आणि इसारात जे थोडे कमी पडले ते लिलावात त्याच्या वतीने बोली करणाऱ्या दलालाकडूनच उसने घेतले! मित्रांनी कपाळाला हात लावला आणि मग कामाला लागले. वेल्विन गार्डन सिटी उभी राहिली. हॉवर्ड तिथेच राहायला गेला. १९२७ मध्ये त्याला सर हा किताब मिळाला. १ मे १९२८ ला तो वारला. मागे संपत्ती म्हणावी असे काही नव्हते. त्याला पुरले ते लेचवर्थला.

दुसऱ्या महायुद्धानंतर, १९४६ च्या कायद्याने, इंग्लंडमध्ये सरकारनेच नवी शहरे वसवायला घेतली. वेल्विनही १९४८ मध्ये सरकारी विकास महामंडळाकडे गेले. लेचवर्थची गोष्ट वेगळी झाली. जमिनीचा भाव चढलेला पाहून १९६० च्या सुमारास एका बाहेरच्या कंपनीने शेअर विकत घेऊन गावाचाच ताबा मिळवला. हॉवर्डने ज्या वाढीचा हिशेब मांडला होता, ती आता भलत्याच खिशात जाणार होती. गावकऱ्यांनी चळवळ केली आणि १९६२ मध्ये पार्लमेंटने खास कायदा करून मालमत्ता सार्वजनिक महामंडळाकडे दिली. ज्या पार्लमेंटमध्ये हॉवर्ड तोंड मिटून इतरांची भाषणे उतरवत बसे, त्याच पार्लमेंटमध्ये. १९९५ पासून ती मालमत्ता एका विश्वस्त संस्थेकडे आहे. दुकाने, कचेऱ्या, शेतजमिनी यांचे भाडे तिथे जमा होते आणि गावावरच खर्च होते.

लेचवर्थमध्ये आज घरे स्वस्त आहेत असे नाही. लंडनच्या इतक्या जवळ ती स्वस्त राहणारही नव्हती. निम्म्याहून अधिक गणित करारांतच निसटले होते. तरी जेवढे उरले, तेवढ्यावर एक गाव सव्वाशे वर्षे आपल्या बागा राखून आहे. भाडे किती असावे यावर आपण रोज वाद घालतो. ते देऊन झाल्यावर कुठे जाते, हा लघुलेखकाचा प्रश्न आपल्या गावांत अजून कुणी विचारायला घेतलेला नाही.