मनाची मशागत
(श्रीसमर्थ रामदासस्वामी)

पंचवटींतील रामाचें दर्शन आपल्यापैकीं पुष्कळांस नित्याचें आहे. परंतु सुमारें चारशें वर्षांपूर्वीं एक बारा वर्षांचा पितृहीन मुलगा पायीं चालत याच गोदातीरीं आला, आणि बारा वर्षांनीं जन्माची शिदोरी बांधून येथून गेला, हें थोड्यांच्याच ध्यानांत असतें.

नारायण सूर्याजीपंत ठोसर यांचा जन्म इ. स. १६०८ मध्यें रामनवमीच्या दिवशीं मराठवाड्यांतील जांब या गांवीं झाला. ते लहान असतांच वडील वारले. मुलगा अबोल व एकांतप्रिय. घरांतील काळोख्या कोपऱ्यांत तासन्‌तास विचार करीत बसे. आई राणूबाईनें त्याचें लग्न ठरविलें, तेव्हां तो भर मांडवांतून निघून गेला, असें परंपरा सांगते. बालमित्रहो, घरांतून पळून जाणें अनुकरणीय नव्हे; त्या माउलीच्या डोळ्यांचें पाणी पुढें कित्येक वर्षें खळलें नाहीं. अनुकरणीय आहे ती त्यानंतरची दिनचर्या.

आजचें काळारामाचें पाषाणी मंदिर तेव्हां झालेलें नव्हतें. नारायणानें जवळच टाकळी येथें, नंदिनी व गोदावरी यांच्या संगमावर मुक्काम केला. पहांटे स्नान व सूर्यनमस्कार. मग मध्यान्हापर्यंत कमरभर पाण्यांत उभें राहून जप. नंतर पंचवटींत माधुकरी, रामास नैवेद्य व भोजन. दुपारीं ग्रंथांचें वाचन व लेखन, आणि पुराणकीर्तनाचें श्रवण. हा क्रम बारा वर्षें चालला.

या क्रमांत तीन गोष्टी आहेत. पहिली, देहाची निगा. बलोपासनेचा जो उपदेश त्यांनीं पुढें गांवोगांव केला, तो आधीं स्वतः आचरिला होता. दुसरी, मनाचें अवधान. मन क्षणांत दहा दिशांस धांवतें. त्यास न कंटाळतां पुनःपुन्हां माघारीं आणणें, हाच जपाचा अभ्यास. म्हणूनच पुढें रचलेल्या २०५ मनाच्या श्लोकांत ते मनावर नुसते रागें भरत नाहींत. सुजाण मित्रास सांगावें तसें त्याची समजूत घालतात. तिसरी, कृतज्ञता. दुसऱ्याच्या दारचा घास ज्याच्या झोळींत पडतो, त्यास रोजच्या अन्नाचें मोल कळतें.

इ. स. १६३२ च्या सुमारास ते तीर्थाटनास निघाले. १६३० पासूनच्या घोर दुष्काळानें दख्खनची दैना उडाली होती. आणखी बारा वर्षें त्यांनीं देश पायांखालीं घातला व लोकांचें दुःख डोळ्यांनीं पाहिलें. परत येतांना ते जांबेस गेले. चोवीस वर्षें वाट पाहून आईची दृष्टि गेली होती, असें सांगतात. सर्व जगाचें ऋण मानणाऱ्या या विरक्त पुरुषास मातेचें ऋण विसरतां आलें नाहीं. कांहीं दिवस तिच्याजवळ राहून, तिचा निरोप घेऊनच ते या खेपेस निघाले. पहिल्या खेपेस राहिलेलें कर्तव्य त्यांनीं असें पुरें केलें.

त्यानंतर कृष्णातीरीं त्यांचें कार्य उभें राहिलें. इ. स. १६४८ मध्यें चाफळचें राममंदिर झालें, अकरा मारुति स्थापन झाले, वीस दशकांचा दासबोध सिद्ध झाला. इ. स. १६८२ मध्यें सज्जनगडावर त्यांनीं देह ठेविला.

आपणांस नदींत उभें राहावयाचें नाहीं. परंतु सकाळीं थोडा व्यायाम, अभ्यासापूर्वीं चार क्षण शांत बसणें, आणि रात्रीं निजण्याआधीं ज्यांनीं आपल्यासाठीं आज कष्ट घेतले त्यांचें स्मरण, इतकें तर परीक्षेच्या दिवसांतही सहज साधेल. आपल्या शाळेंत दिवसाचा आरंभ प्रार्थनेनें होतो, तोही यासाठींच.

वडील मंडळींसही एक विनंती आहे. घरांत एखादें मूल अबोल होऊन कोपऱ्यांत बसूं लागलें, तर त्यास आळशी म्हणण्यापूर्वीं जवळ बसवून त्याचें मनोगत विचारावें. न जाणो, बोहल्यापर्यंत गोष्ट जाण्याआधींच तें आपलें मन मोकळें करील.