चौंडीचा वाडा आणि अहिल्याबाई

आपल्याच जिल्ह्यात, जामखेड तालुक्यात सीनाकाठी चौंडी गाव आहे. तेथील वाड्यात माणकोजी शिंदे पाटलांच्या घरी ३१ मे १७२५ रोजी अहिल्याबाईंचा जन्म झाला. मुलींना अक्षरओळखही दुर्मिळ असलेल्या त्या काळी वडिलांनी त्यांना लिहावाचावयास शिकविले. १७५४ मध्ये कुंभेरीच्या वेढ्यात पती खंडेराव पडले. सती जाण्यास निघालेल्या सुनेला मल्हाररावांनी रोखले व दौलतीचा कारभार सोपविला. १७६७ मध्ये पुत्र मालेरावही गेले. तेव्हापासून १७९५ पर्यंत महेश्वराहून त्यांनी न्यायाने राज्य केले, घाट, विहिरी, धर्मशाळा बांधल्या. हे सारे त्या चितेतच भस्म झाले असते. शिकू पाहणाऱ्या प्रत्येक मुलीला दार उघडताना आम्हांस याचेच स्मरण होते.