तबकडीतल्या केसरबाई

केसरबाई केरकर यांच्याइतक्या मानी गायिका हिंदुस्थानी संगीतात थोड्याच झाल्या. ध्वनिमुद्रणाविषयी त्यांना फारसे ममत्व नव्हते. मात्र नियतीचा खेळ असा, की त्यांचा स्वर पृथ्वीपासून सर्वांत दूर नेला तो एका ध्वनिमुद्रिकेनेच. आणि तीही ऐनवेळी एका दुकानाच्या अडगळीतून शोधून काढावी लागली.

गोव्याच्या फोंडा तालुक्यातील केरी या गावी 13 जुलै 1892 रोजी कलावंत समाजात केसरबाईंचा जन्म झाला. आठव्या वर्षी कोल्हापूरला अब्दुल करीम खाँ यांच्याकडे त्यांच्या तालमीचा आरंभ झाला, पण तो काही महिन्यांपुरताच. पुढे रामकृष्णबुवा वझे, बरकतउल्ला खाँ, भास्करबुवा बखले असे गुरू लाभले आणि दुरावले. तुटक शिक्षणाची ही वणवण 1921 मध्ये संपली. त्या वर्षी जयपूर-अत्रौली घराण्याचे प्रवर्तक अल्लादिया खाँ यांचे शिष्यत्व त्यांना मिळाले. 1946 मध्ये खाँसाहेबांचे निधन होईपर्यंत ही तालीम चालू राहिली.

या तपश्चर्येतून एक भारदस्त, आकारयुक्त आणि दमदार गायकी उभी राहिली. कलावंतिणीच्या गाण्याकडे करमणूक म्हणून पाहणाऱ्या काळात केसरबाईंनी मैफलीतील शिस्त आणि कलावंताचा सन्मान यांबाबत कधीही तडजोड केली नाही. 1948 मध्ये कोलकात्यात त्यांना ‘सुरश्री’ ही पदवी मिळाली, 1953 मध्ये संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार आणि 1969 मध्ये पद्मभूषण.

पूर्वीच्या 78 फेऱ्यांच्या तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम साडेतीन मिनिटांचे गाणे मावे. तासभर राग फुलविणाऱ्या गायिकेला ही चौकट अपुरीच होती. केसरबाईंनी काही ध्वनिमुद्रिका दिल्या खऱ्या; पुढे मात्र ध्वनिमुद्रण आणि आकाशवाणी दोन्ही टाळली. 1960 च्या दशकात जाहीर गायनही थांबविले. श्रोत्यांची पिढी सरली, तबकड्या बाजारातून दिसेनाशा झाल्या.

1977 मध्ये अमेरिकेच्या व्हॉयेजर यानांवर पाठवायच्या सुवर्ण तबकडीसाठी कार्ल सेगन यांचा गट जगभरचे संगीत निवडत होता. भारतीय संगीतातून केसरबाईंची भैरवीतील ‘जात कहाँ हो’ ही चीज घ्यावी, असा आग्रह संगीतअभ्यासक रॉबर्ट ब्राऊन यांनी धरला. परंतु ती तबकडी कुठेच मिळेना. अखेर न्यूयॉर्कमधील एका भारतीय कुटुंबाच्या विद्युत उपकरणांच्या दुकानात, मागच्या बाजूला टेबलाखाली पडलेल्या खोक्यात तिच्या तीन प्रती सापडल्या.

सुवर्ण तबकडीवरील 27 संगीतरचनांत बाख आणि बीथोव्हेन आहेत, तशीच ब्लाइंड विली जॉन्सन या दृष्टिहीन गायकाची 1927 ची ब्लूज रचना आणि चक बेरीचे रॉक अँड रोलही आहे. केरीची ही गायिका त्यांच्याच पंक्तीला बसली. 5 सप्टेंबर 1977 रोजी व्हॉयेजर-1 ने उड्डाण केले आणि अवघ्या 11 दिवसांनी, 16 सप्टेंबरला, केसरबाईंचे निधन झाले. 2012 मध्ये ते यान सूर्याच्या प्रभावक्षेत्राबाहेर पडले. आज ते आपल्यापासून 2000 कोटी किलोमीटरहून अधिक दूर आहे.

त्या खोक्याकडे कुणी वळून पाहिले नसते, तर भैरवीची ही साडेतीन मिनिटे दुकानाच्या धुळीतच राहिली असती. लोह्या-कंधारकडील जुन्या घरांत काय किंवा पुण्या-मुंबईच्या सदनिकांत काय, माळ्यावर तबकड्यांची एखादी पेटी विसरलेली असू शकते. भंगारवाल्याला हाक मारण्यापूर्वी त्यांवरील नावे एकदा वाचून पाहावीत. मोठ्या कलावंतांचा स्वर पुष्कळदा अशा ठिकाणीच कुणाची तरी वाट पाहत असतो.