निर्णायक मत

विजय मर्चंट हे नाव आज आपल्यापैकी किती विद्यार्थ्यांना ठाऊक असेल, याची मला शंकाच आहे. सोळा वर्षांखालील मुलांच्या स्पर्धेचा करंडक त्यांच्या नावाचा आहे, एवढे क्रिकेट खेळणाऱ्या मुलांना माहीत असते. मलाही त्यापलीकडे काही ठाऊक नव्हते. हे नाव मी प्रथम ऐकले ते आजोबांच्या तोंडून, आणि तेही रागाने उच्चारलेले.

आजोबा पूर्णा जंक्शनवर रेल्वेत नोकरीला होते. आपले गाव मुंबई आणि हैदराबाद यांच्या वाटेवरचे. त्यामुळे रेल्वे कॉलनीत दोन्हीकडची माणसे. १९७१ च्या जानेवारीत मन्सूर अली खान पतौडी यांना बाजूला सारून अजित वाडेकर यांना भारताचे कर्णधार केले, तेव्हा कॉलनीत दोन तट पडले. पतौडी रणजी सामने हैदराबादकडून खेळत, म्हणून तिकडची मंडळी खवळली. मुंबईकडच्यांना आनंद झाला. आमचे आजोबा मराठी, पण पतौडींचे भक्त. मात्र त्यांचा राग वाडेकरांवर नव्हता. निवड समितीत मते समसमान पडली आणि अध्यक्षांनी आपले निर्णायक मत वाडेकरांच्या पारड्यात टाकले, असे त्यांनी वाचले होते. ते अध्यक्ष म्हणजे विजय मर्चंट. बापाचे उट्टे मुलावर काढले, हा आजोबांचा आरोप होता.

हा आरोप समजून घ्यायचा तर थोडे मागे जावे लागते. मर्चंट यांचा जन्म १२ ऑक्टोबर १९११ रोजी मुंबईत, गिरण्यांचे मालक असलेल्या ठाकरसी घराण्यात झाला. शाळेत वडिलांचा व्यवसाय विचारला गेला आणि तोच आडनाव म्हणून नोंदला गेला, अशी त्यांच्या नावाची गमतीदार कथा आहे. ते फलंदाज केवढे मोठे होते, हे एका आकड्यावरून कळेल. प्रथम श्रेणीच्या सामन्यांत त्यांची सरासरी ७१.६४ होती, त्यांच्याहून मोठे नाव एकच, डॉन ब्रॅडमन. कसोटी सामने मात्र अवघे दहा. पहिला १९३३ मध्ये आणि शेवटचा १९५१ मध्ये. मधली उमेदीची वर्षे महायुद्धाने खाल्ली.

१९३६ च्या इंग्लंड दौऱ्यावर विजयानगरमचे महाराजकुमार कर्णधार होते. खेळापेक्षा राजेपणाच्या जोरावर ते पद मिळालेले. ओल्ड ट्रॅफर्डला मर्चंट आणि मुश्ताक अली यांनी सलामीला २०३ धावा केल्या. मर्चंटला धावचीत करून टाक, असा इशारा कर्णधाराने मुश्ताकला दिला होता आणि मुश्ताकने तो मर्चंटना सांगून टाकला, अशी कथा आजही सांगितली जाते. दहा वर्षांनी पुन्हा इंग्लंडचा दौरा आला. या वेळी कर्णधारपदावर मर्चंट यांचा हक्क होता, असे अनेकांना वाटत होते. ते मिळाले इफ्तिखार अली खान पतौडी यांना, म्हणजे मन्सूर यांच्या वडिलांना. मर्चंट उपकर्णधार म्हणून गेले आणि त्या दौऱ्यात त्यांनी २३८५ धावा केल्या. पुढे ऑस्ट्रेलियाच्या दौऱ्यासाठी कर्णधारपद चालून आले, तर प्रकृतीने दगा दिला. ते पद लाला अमरनाथ यांच्याकडे गेले.

तेव्हा सल असणारच. पण एवढ्यावरून सूड सिद्ध होतो का?

मन्सूर पतौडींची थोरवी नाकारण्याचे कारण नाही. १९६१ मध्ये मोटार अपघातात त्यांच्या उजव्या डोळ्याची दृष्टी गेली. पुढच्याच वर्षी वेस्ट इंडीजमध्ये नरी कॉन्ट्रॅक्टर यांच्या डोक्याला चेंडू लागून ते जायबंदी झाले आणि एकविसाव्या वर्षी पतौडींच्या हाती संघ आला. १९७१ पर्यंत ३६ कसोटींत त्यांनी नेतृत्व केले. परदेशातला पहिला मालिकाविजय, १९६८ चा न्यूझीलंडमधला, त्यांचाच. परंतु १९६९ च्या मोसमात न्यूझीलंडशी मायदेशी बरोबरी झाली आणि ऑस्ट्रेलियाने ३-१ ने हरवले. मर्चंट यांच्या समितीने त्याच मोसमात विश्वनाथ, सोलकर, चेतन चौहान, मोहिंदर अमरनाथ अशी नवी पोरे संघात आणली होती. जो माणूस संघ तळापासून बदलू पाहत होता, त्याने शेंडाही बदलला. मला यात सुडापेक्षा सुसंगती अधिक दिसते.

इथे मला एक कबुली द्यायची आहे. आमच्या मित्रमंडळींच्या क्रिकेट संघाला नवा कर्णधार निवडायचा होता. जुना कर्णधार तीन वर्षे होता, लोकप्रिय होता, आणि एकेकाळी त्याने मला संघातून वगळले होते. त्याने आता थांबावे, असे माझे प्रामाणिक मत होते. पण लोक काय म्हणतील, या भीतीने मी तापाचे निमित्त केले आणि बैठकीलाच गेलो नाही. मर्चंट यांच्याविषयी वाचताना मला ती बैठक वारंवार आठवली. त्यांनाही घरी बसता आले असते. आपल्यावर कोणता आरोप होणार, हे त्यांच्याइतके कोणाला ठाऊक असणार?

पुढचा इतिहास सर्वांना माहीत आहे. पतौडी त्या दौऱ्यावर गेले नाहीत. त्यांनी गुडगावमधून लोकसभेची निवडणूक लढवली आणि ते हरले. इकडे वाडेकरांच्या संघाने पोर्ट ऑफ स्पेनला वेस्ट इंडीजवर पहिला विजय मिळवून मालिका जिंकली. पहिल्याच दौऱ्यावर गेलेल्या गावसकरांनी चार कसोटींत ७७४ धावा काढल्या. २४ ऑगस्ट १९७१ रोजी ओव्हलला इंग्लंडही नमले. चंद्रशेखर यांनी ३८ धावांत ६ बळी घेतले होते. त्या संध्याकाळी आजोबा कॉलनीतल्या ट्रान्झिस्टरभोवतीच्या घोळक्यात होते आणि नाचलेही होते, हे मला आजीकडून कळले. आजोबांनी ते कधी सांगितले नाही.

अर्थात यशावरून निर्णय बरोबर ठरवायचा, तर १९७४ चे काय? त्या वर्षी हाच वाडेकरांचा संघ लॉर्ड्सवर ४२ धावांत गारद झाला, मालिका ३-० ने गेली, आणि कर्णधारपद पुन्हा पतौडींकडे आले. त्याआधी १९७३ मध्ये ते वाडेकरांच्या हाताखाली मुकाट्याने खेळलेही होते. मला वाटते, दोघेही माणसे मोठी होती.

मर्चंट स्वतः मैदानातून कसे गेले, तेही सांगायला हवे. लोक अजून का थांबलास असे विचारू लागण्याआधी, एवढ्यात का निघालास असे विचारत असतानाच जावे, असे ते मानत. १९५१ मध्ये दिल्लीला इंग्लंडविरुद्ध १५४ धावा काढल्या, त्याच सामन्यात खांद्याला दुखापत झाली आणि ते पुन्हा कसोटी खेळले नाहीत. वय चाळीस. नंतर गिरणीचा कारभार, अंध-अपंगांना रोजगार मिळवून देण्याची खटपट आणि विविध भारतीवरचा क्रिकेटचा कार्यक्रम यांत त्यांची वर्षे गेली. तो कार्यक्रम आजोबा न चुकता ऐकत. राग होता, तरी ऐकत.

२७ ऑक्टोबर १९८७ रोजी मर्चंट मुंबईत वारले. भारतात तेव्हा विश्वचषकाचे सामने चालू होते. ती बातमी आली त्या दिवशी आजोबांनी रेडिओ लावला नाही, असे आजी सांगते.