सरणाच्या हिशेबातून बेपत्तांचा शोध

बेवारस मृतदेहाला अग्नी द्यायचा, तर सरणासाठी लाकूड लागते आणि अंगावर घालायला कापड लागते. हा खर्च नगरपालिकेच्या तिजोरीतून होतो आणि सरकारी पैसा खर्च झाला की त्याची नोंद ठेवावीच लागते. अमृतसर जिल्ह्यातील स्मशानभूमींमध्ये १९८४ ते १९९४ या काळात अशा नोंदी निमूटपणे लिहिल्या जात होत्या. या जमाखर्चाच्या वह्यांमध्ये पंजाबातील बेपत्ता माणसांचा ठावठिकाणा दडलेला आहे, हे ज्याच्या ध्यानात आले, त्याचे नाव जसवंतसिंग खालरा. पुढे त्यालाही बेपत्ता व्हावे लागले.

खालरा यांचा जन्म १९५२ सालचा, पाकिस्तानच्या सीमेला खेटून असलेल्या खालरा या गावातला. घराण्यात राजकीय जागृती जुनी होती. त्यांचे आजोबा हरनामसिंग हे १९१४ मध्ये ‘कोमागाटा मारू’ जहाजाने कॅनडाला निघालेल्या आणि व्हँकुव्हरच्या बंदरातून परत पाठवल्या गेलेल्या प्रवाशांपैकी एक. विद्यार्थिदशेत खालरा डाव्या विचारांच्या युवक चळवळीत रमले. १९७४ मध्ये ते पंचायत सचिव झाले. आपल्याकडच्या ग्रामसेवकासारखेच हे काम असल्याने दाखले, नोंदी आणि दप्तर यांचा त्यांना चांगला सराव झाला. पुढे ते अमृतसरमधील एका सहकारी बँकेच्या संचालक मंडळावर गेले. त्यांच्या पत्नी परमजित कौर या गुरू नानक देव विद्यापीठाच्या ग्रंथालयात नोकरीला होत्या. एकंदरीत हे मध्यमवर्गीय, चारचौघांसारखे कुटुंब होते.

तो काळ मात्र चारचौघांसारखा नव्हता. १९८४ नंतरच्या दशकात पंजाब रक्ताने न्हाला होता. दहशतवाद्यांनी बसमधून उतरवून निरपराध प्रवाशांना गोळ्या घातल्या. शेकडो पोलिसांचे आणि त्यांच्या नातलगांचेही बळी घेतले. दहशतवाद मोडून काढण्यासाठी पोलिसांना मोकळीक मिळाली, आणि याच मोकळिकीत तरुणांना घरातून उचलून नेण्याचे प्रकार वाढले. उचललेला मुलगा कुठे आहे, हे विचारायला बाप पोलीस ठाण्यात गेला, की असा कोणी आमच्याकडे आलाच नाही, असे उत्तर मिळे. चकमकीची बातमी छापून येई; मृतदेह मात्र घरी येत नसे. मृत्यूचा दाखला नाही म्हणून जमीन वारसांच्या नावावर होत नव्हती, आणि आशा सुटत नाही म्हणून अंत्यविधीही करता येत नव्हते.

अकाली दलाच्या मानवाधिकार शाखेचे सरचिटणीस या नात्याने अशा अनेक कुटुंबांची गाऱ्हाणी खालरा यांच्याकडे येत होती. मात्र त्यांच्या शोधाला खरी दिशा मिळाली ती बेपत्ता झालेल्या काही परिचित सहकाऱ्यांच्या चौकशीतून. हा माग काढताना ते स्मशानभूमीपर्यंत पोहोचले आणि तिथल्या नोंदी पाहून थक्क झाले. पोलीस मृतदेह बेवारस म्हणून आणून देत आणि नगरपालिकेच्या खर्चाने त्यांचे दहन उरकत. वहीत तारीख होती, मृतदेह आणणाऱ्या पोलिसांचा उल्लेख होता, आणि कित्येक ठिकाणी मृताचे नाव, वडिलांचे नाव आणि गावही लिहिलेले होते. ज्याचे नाव-गाव ठाऊक आहे, तो माणूस बेवारस कसा ठरतो? त्याच्या घरी निरोप का गेला नाही? खालरा यांचे पुढचे सारे काम या दोन साध्या प्रश्नांवर उभे राहिले.

अमृतसरमधील दुर्गियाना मंदिराजवळची स्मशानभूमी, तरनतारन आणि पट्टी या तीन ठिकाणच्या नोंदी त्यांनी मिळवल्या. जानेवारी १९९५ मध्ये पत्रकार परिषद घेऊन त्या जाहीर केल्या आणि उच्च न्यायालयात धाव घेतली. या प्रकरणाशी याचिकादाराचा थेट संबंध नाही, या कारणास्तव न्यायालयाने याचिका ऐकली नाही. मग ते गावोगाव जाऊन वहीतील नावे आणि घरचा माणूस हरवलेली कुटुंबे यांची सांगड घालू लागले. १९९५ च्या उन्हाळ्यात त्यांनी कॅनडात जाऊन हा विषय मांडला. संपूर्ण पंजाबात अशा मृत्यूंची संख्या २५ हजारांच्या घरात असावी, असा त्यांचा अंदाज होता. हा आकडा पुढे कधीच सिद्ध झाला नाही, कारण तीन स्मशानभूमींच्या पलीकडे अधिकृत तपास गेलाच नाही. जिवाला धोका आहे, तेव्हा कॅनडातच आश्रय घ्यावा, असा सल्ला त्यांना हितचिंतकांनी दिला. तो न मानता ते अमृतसरला परतले.

३१ ऑगस्ट १९९५ रोजी मुख्यमंत्री बेअंतसिंग यांची चंडीगडमध्ये बॉम्बस्फोटात हत्या झाली आणि वातावरण पुन्हा तापले. सहा दिवसांनी, ६ सप्टेंबरच्या सकाळी, अमृतसरच्या कबीर पार्क वसाहतीत घरासमोर गाडी धूत असताना खालरा यांना पोलिसांनी उचलून नेले. ते आमच्याकडे नाहीत, हे ठरलेले उत्तर या वेळी परमजित कौर यांच्या वाट्याला आले.

शिरोमणी गुरुद्वारा प्रबंधक समितीचे अध्यक्ष गुरचरणसिंग तोहरा यांनी सर्वोच्च न्यायालयाला तार केली आणि न्यायालयाने ती तारच याचिका मानली. परमजित कौर यांनीही दाद मागितली. १५ नोव्हेंबर १९९५ रोजी न्यायालयाने खालरा यांचे अपहरण आणि त्यांनी उजेडात आणलेली दहने, या दोन्हींचा तपास सीबीआयकडे सोपवला. १९९६ च्या अखेरीस सीबीआयने दिलेल्या अहवालानुसार तीन स्मशानभूमींत मिळून २०९७ मृतदेहांचे दहन झाले होते. त्यांपैकी ५८५ जणांची पूर्ण ओळख पटली होती, २७४ जणांची अंशतः, तर १२३८ जण अनोळखी होते. वह्या खोटे बोलत नव्हत्या, हे आता देशाच्या सर्वोच्च तपास यंत्रणेनेच मान्य केले होते.

पुढचे काम राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाकडे आले. एक वर्षाहून जुन्या प्रकरणात आयोगाला अधिकार नाही, असा आक्षेप घेण्यात आला. तो १९९८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने फेटाळला. मात्र आयोगाने चौकशीची कक्षा या तीन स्मशानभूमींपुरतीच आखून घेतली. मृत्यू कसा झाला आणि त्याला जबाबदार कोण, यात आयोग शिरला नाही. अंत्यसंस्काराचे नियम पाळले गेले का, एवढेच पाहून २००६ मध्ये १०५१ कुटुंबांना प्रत्येकी पावणेदोन लाख रुपये देण्याचा आदेश झाला. पोलिसांच्या ताब्यात असल्याचे मान्य झालेल्यांच्या वारसांसाठी ही रक्कम अडीच लाख होती. अनेक आयांना पैशांपेक्षा आपल्या मुलाचे काय झाले, हे ऐकायचे होते. ते कोणी सांगितले नाही.

खालरा यांच्या बाबतीत उत्तर मिळाले, पण त्यासाठी दहा वर्षे लागली. त्यांना कोठडीत ठेवून छळ करण्यात आला, ऑक्टोबर १९९५ मध्ये ठार मारण्यात आले आणि मृतदेह हरिकेजवळ पाण्यात टाकण्यात आला, अशी साक्ष पोलीस दलातच काम केलेल्या एका साक्षीदाराने दिली. १८ नोव्हेंबर २००५ रोजी पतियाळाच्या न्यायालयाने सहा पोलिसांना दोषी ठरवले. २००७ मध्ये उच्च न्यायालयाने त्यांपैकी चौघांची सात वर्षांची शिक्षा वाढवून जन्मठेप केली आणि २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यावर शिक्कामोर्तब केले. खालरा यांचा मृतदेह मात्र कधीच सापडला नाही.

माणसाला सक्तीने बेपत्ता करण्याविरुद्धच्या आंतरराष्ट्रीय करारावर भारताने २००७ मध्ये स्वाक्षरी केली. त्याला अनुमोदन मात्र दिलेले नाही. आपल्या फौजदारी कायद्यात या नावाचा स्वतंत्र गुन्हा नाही. त्यामुळे अशा प्रकरणात अपहरण आणि खुनाची कलमे लावावी लागतात, आणि खून सिद्ध करायचा तर बहुधा मृतदेहाचाच प्रश्न पुढे येतो. खालरा यांच्या खटल्यात ही अडचण पार झाली, कारण त्यांच्या पत्नीने दहा वर्षे न्यायालयाचा पिच्छा सोडला नाही आणि काही साक्षीदार धमक्यांना पुरून उरले. त्या तीन स्मशानभूमींत जाळलेल्या शेकडो जणांची ओळख अखेरपर्यंत पटली नाही. त्यांच्या सरणाला किती लाकूड लागले, हे मात्र सरकारदरबारी नमूद आहे.