भारताचे लुई आर्मस्ट्राँग : चिक चॉकलेट

‘अलबेला’ (१९५१) या चित्रपटाची गाणी मोर्शी-अमरावतीच्या जुन्या श्रोत्यांना परिचित आहेत. त्यांतील झळाळत्या ट्रंपेटमागचे नाव मात्र थोड्यांनाच ठाऊक आहे. ते नाव आंतोनियो झेवियर वाझ ऊर्फ चिक चॉकलेट या गोमंतकीय कॅथलिक वादकाचे होय.

त्यांचा जन्म १९१६ साली गोव्यातील हळदोणे येथे झाला. संगीताचे प्राथमिक धडे त्यांना धर्मग्रामाच्या शाळेत मिळाले. चर्चमधील गायनासाठी अशा शाळांतून मुलांना पाश्चात्त्य स्वरलिपी शिकविली जात असे. मुलाने मेकॅनिक व्हावे अशी आईची इच्छा होती. त्यांचे मन मात्र ट्रंपेटवर जडले.

पुढे लुई आर्मस्ट्राँग या अमेरिकन कृष्णवर्णीय कलावंताच्या ध्वनिमुद्रिकांनी त्यांच्या अभिरुचीस दिशा दिली. वादनाची व गायनाची तीच धाटणी त्यांनी आत्मसात केली. मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात त्यांचा वाद्यवृंद गाजला आणि रसिक त्यांना भारताचे लुई आर्मस्ट्राँग म्हणू लागले.

पुणतांब्याचे सुपुत्र, संगीतकार सी. रामचंद्र यांचे साहाय्यक म्हणून त्यांनी हिंदी चित्रपटगीतांना जॅझचा साज चढविला. ‘नादान’ (१९५१) या चित्रपटाला त्यांनी स्वतंत्र संगीतही दिले. तथापि त्या काळी पडद्यामागील गोमंतकीय वादकांची नावे श्रेयनामावलीत क्वचितच झळकत. १९६७ साली, वयाच्या अवघ्या एक्कावन्नाव्या वर्षी ते निवर्तले.

धर्मग्रामाच्या शाळेत पेरलेले बीज कोठवर फळास येते, याची साक्ष त्यांचे जीवन देते. आपल्या गायकवृंदातील बालकांकडे आपण त्याच आस्थेने पाहावे.