फिरखो यांचा मोडलेला खुबा

४ जानेवारी १९०२. बर्लिनमध्ये ऐंशी वर्षांचे एक डॉक्टर चालत्या ट्राममधून उतरायला गेले आणि पडले. खुब्याशी मांडीचे हाड मोडले. हे डॉक्टर म्हणजे आधुनिक विकृतिशास्त्राचे जनक रुडॉल्फ फिरखो.

त्यांचा जन्म १८२१ चा, प्रशियातला. १८४८ मध्ये सरकारने त्यांना सायलेशियात टायफसची साथ पाहायला पाठवले. या रोगावर शिक्षण, रस्ते आणि सुधारलेली शेती हाच उपाय आहे, असा अहवाल त्यांनी दिला. रोगाचे मूळ पेशीत असते, हा सिद्धांत त्यांनी १८५८ मध्ये ग्रंथरूपाने मांडला. पायाच्या शिरेतली रक्ताची गुठळी सुटून फुप्फुसात अडकते, हेही त्यांनीच दाखवले.

खुबा म्हणजे कमरेच्या हाडातली वाटी आणि तिच्यात फिरणारा मांडीच्या हाडाचा गोळा. गोळ्याखालच्या मानेत हाड मोडले, तर गोळ्याचा रक्तपुरवठा तुटू शकतो. म्हणून वृद्धांमध्ये अनेकदा कृत्रिम गोळा बसवतात. मोड मानेच्या खाली असेल, तर तिथे रक्तपुरवठा चांगला असतो. अशा वेळी सळई किंवा स्क्रूने हाड जोडतात.

फिरखो यांच्या काळी अशा शस्त्रक्रिया रुळल्या नव्हत्या. मानेच्या मोडीसाठी तीन पात्यांचा खिळा प्रचारात आला तो १९३० च्या दशकात. त्यांच्या वाट्याला आले ते अंथरूण. प्रकृती खालावत गेली आणि ५ सप्टेंबर १९०२ रोजी हृदय थकून त्यांचे निधन झाले.

वृद्ध माणूस अंथरुणाला खिळला की शय्याव्रण, न्यूमोनिया आणि फिरखो यांनी ओळखलेली तीच गुठळी मागे लागते. मोडलेल्या हाडापेक्षा हे पडून राहणेच जिवावर बेतते. म्हणूनच आता शक्यतो दोन दिवसांच्या आत शस्त्रक्रिया करून रुग्णाला लवकरात लवकर उभे करतात.

खापरसारख्या गावात आजी ओल्या अंगणात घसरली, उठता येईना, पाय आखूड दिसतो आणि बाहेर वळला आहे, तर खुबा मोडला असे समजावे. पाय ओढू नये, चोळू नये. दोन्ही पायांमध्ये उशी ठेवून ते अलगद बांधावेत, १०८ ला फोन करावा आणि अस्थिरोगतज्ज्ञ असलेले रुग्णालय त्याच दिवशी गाठावे. वय झाले, आता कशाला ऑपरेशन, असे म्हणून आजीला खाटेवर ठेवू नये.